वानवळ्याचा पाला

रागाच्या बाबतीत मी अप्पांवर गेले आहे असं आई म्हणते. अप्पा म्हणजे माझे वडील. विहिरीवरची मोटार चालू झाली नाही की त्यांचं डोकं फिरतं आणि जेल कोरी निघाली की माझं. जेल म्हणजे हाताच्या तळव्याएवढी पारदर्शक वडी. अतिनील प्रकाशात धरली की तिच्यावर आपल्याला हवी ती पट्टी चमकायला पाहिजे. नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या वडीवर काही म्हणता काही चमकत नव्हतं. कडेला मापासाठी घातलेल्या शिडीच्या पायऱ्या तेवढ्या दिसायच्या, आणि त्या माझ्याकडे बघून हसतात असं मला वाटायचं.

माझा विषय होता तूर. पीएचडीचा विषय निवडताना बाकीची मुलं परदेशी पेपर वाचत होती, तेव्हा मी निलंग्याजवळचं आमचं रान डोळ्यांपुढे आणलं. आमच्याकडे तुरीवर एक रोग पडतो. झाड झुडपासारखं दाट होतं, पानं बारकी आणि फिकी पडतात, आणि फूल काही लागत नाही. शेजारची झाडं शेंगांनी वाकलेली असतात आणि हे आपलं हिरवं, रिकामं उभं. याला वांझ रोग म्हणतात. आई मात्र तो शब्द तोंडातून काढत नाही. ती म्हणते, ‘फुलायचं ऱ्हायलेलं झाड’. मला तिचं म्हणणं जास्त आवडतं, पण प्रबंधात तसं लिहिता येत नाही.

या विषयात माझी एक मोठी सोय होती. एरवी गावाकडे जायला सुटी मागितली की आमचे सर चष्मा काढून पुसायला घेत आणि चौकशी सुरू करत. ‘सॅम्पल आणायला रानात जाते’ म्हटलं की एक अक्षर विचारत नसत. म्हणजे तूर आहे तोवर मला घर आहे, असं साधं गणित होतं. आणि तेच दिवाळीनंतर बिघडायला लागलं. एका सकाळी सरांनी बोलावून सांगितलं, “हे बघ, फेब्रुवारीत समितीपुढे बसायचंय. तोवर तुरीत विषाणू दाखवता आला नाही तर विषय बदलू. सोयाबीनचं काम अर्धं पडलंय, ते तू घे.”

ते सोयाबीन कुणी तरी नोकरी लागल्यावर सोडून गेलेलं होतं. विभागाच्या मागच्या हरितगृहात, कुंड्यांमध्ये. त्यासाठी कुठे जायला नको, यायला नको, बसमध्ये बसायला नको. मी सरांपुढे मान डोलावली आणि बाहेर येऊन कपाटाचं दार असं आपटलं की आतल्या काचेच्या नळ्या किणकिणल्या.

आता विषाणू दाखवायचा म्हणजे काय, ते सांगते. हा विषाणू आरएनएचा. आरएनए फार नाजूक, आणि त्याच्यावर सरळ आमची तपासणी चालत नाही. आधी त्याची डीएनएमध्ये नक्कल उतरवून घ्यावी लागते. त्या नकलेला सीडीएनए म्हणतात. नक्कल उतरवणारं एन्झाइम कामाला वाघ, पण सुरुवात कुठून करायची हे त्याला दाखवून द्यावं लागतं. ते दाखवतो प्रायमर. तो डीएनएचा इवलासा तुकडा, आरएनएला जाऊन चिकटतो आणि तिथून पुढे नक्कल सुरू होते.

प्रायमर दोन जातींचे होते आमच्याकडे. एक शिस्तीचा. झाडाच्या स्वतःच्या बहुतेक संदेश-आरएनएच्या शेवटाला एकाच अक्षराची लांब शेपटी असते, तो नेमकी तीच पकडतो आणि टोकापासून सुरुवात करतो. दुसरा रँडम. त्याच्या कुपीत सहा-सहा अक्षरांचे तुकडे असतात, अक्षरांच्या होतील तेवढ्या सगळ्या जुळणींचे. जिथे जुळेल तिथे चिकटायचं, शेंडा नाही की बुडखा नाही. सरांचा जीव पहिल्यावर. त्यांचं सगळं आयुष्य झाडांच्या जीन्सवर काम करण्यात गेलेलं, तिथे शेपटीवाला प्रायमर कधी दगा द्यायचा नाही. रँडमची कुपी किटबरोबर आली तशी फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात पडून होती.

पाला आई पाठवायची. दिवाळीनंतर मला स्वतःला जाणं जमलं नव्हतं, म्हणून मी तिला फोनवर सगळं शिकवलं होतं. फुलं न आलेल्या झाडाचा कोवळा शेंडा घ्यायचा, चंदेरी कागदात गुंडाळायचा, बर्फाच्या डब्यात घालायचा आणि सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचा. आई हे सगळं मन लावून करायची. डब्यावर एक गाठोडं असायचं, त्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. मी नांदेडच्या स्टँडवर डबा घ्यायला जायची तर ड्रायव्हर हटकून विचारायचा, “ताई, ह्या पाल्याची भाजी करता का औषध?” मी म्हणायची, “ते कळायचंय अजून.” गाठोडं प्रयोगशाळेत पोचायच्या आत सर कॉरिडॉरमध्ये हजर असायचे. विषय बदलायला निघालेला माणूस धपाट्याला मात्र कधी नाही म्हणाला नाही.

बर्फ वाटेत वितळलेला असायचा आणि पाला काळवंडून मऊ पडलेला. फिका की हिरवा, काही ओळखू यायचं नाही. तसाच द्रवरूप नायट्रोजनमध्ये घालून कुटायचा, आरएनए काढायचा, नक्कल उतरवायची, आणि शेवटी वडी कोरी. तपासणी नीट झाली का ते कळावं म्हणून तुरीचा स्वतःचा एक जीनही आम्ही सोबत बघायचो. तो निरोगी झाडातही असतो, रोगट झाडातही असतो, म्हणून तो दिसायलाच पाहिजे. तोसुद्धा धुरकट दिसायचा, दिसलाच तर.

माझ्या शेजारच्या टेबलावर देगलूरची मैत्रीण बसायची. तिच्या घरी मराठी आणि तेलुगू एकाच ताटात. माझं कपाट आपटलं की ती मान वर न करता विचारायची, “एमैंदी?” काय झालं, एवढाच अर्थ, पण तिच्या तोंडून तो शब्द ऐकला की माझा निम्मा राग ओसरायचा. एका दुपारी मात्र तिनेच खुर्ची ओढत आणली. “वाचलं का हे? तुझ्या विषाणूच्या आरएनएला शेपटीच न्हाई. शेपटी धरणारा प्रायमर घालून तू काय धरून राहिलीस इतके दिवस?”

मी पेपर तिच्या हातातून हिसकावला. खरंच की. आणि त्यात भर म्हणजे एसटीच्या प्रवासात माझ्या आरएनएचे तुकडे पडत असणार. तुकडे पडल्यावर शेपटीकडून निघालेली नक्कल पहिल्याच तुकड्याशी थांबते, पुढचं सगळं राहूनच जातं. रँडमला त्याचं काही सोयरसुतक नाही. तो प्रत्येक तुकड्यावर कुठे ना कुठे बसतोच.

आम्ही दोघी तशाच सरांच्या खोलीत शिरलो. सरांनी ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर नाखुशी. “रँडम म्हणजे कुठंही चिकटणार. कामाला काही सुरुवात-शेवट नको का?”

“सर, तूर तिफणीनं ओळीत पेरतात, पण कोथिंबीर फोकतातच ना? उगवतेच ना ती?”

सरांचं बालपण लातूरला, शिकवणीवर्गांच्या गल्लीत गेलेलं. त्यांनी विचारलं, “फोकतात म्हणजे?” मग मी त्यांना मूठ भरून हात कसा फिरवायचा ते उभ्याने करून दाखवलं. माझा हात टेबलावरच्या पिपेटच्या टिप्सच्या डब्याला लागला आणि सगळ्या टिप्स खोलीभर पांगल्या. मग सर खुर्चीत मागे रेलून असे हसले की दारातून शिपाईकाका डोकावले. “कळलं, कळलं,” ते म्हणाले. “फोक. पण आधी हे गोळा कर.”

रँडम प्रायमरशी वागताना एक पथ्य असतं. सहा अक्षरांच्या तुकड्याची पकड सैल. एकदम तापवलं तर ते सुटून जातात. म्हणून आधी नळी जरा वेळ खोलीच्या तापमानाला निवांत ठेवायची, त्यांना बसू द्यायचं, मग तापवायचं. माझ्यासारखीला हा थांबण्याचा भागच सर्वांत अवघड. मी नळीकडे बघत बोटं मोडत बसले, तर मैत्रिणीने मला हाताला धरून चहाला नेलं.

त्या दिवशी वडी प्रकाशात धरली आणि मी ओरडलेच. तुरीचा तो जीन, जो इतके दिवस धुरकट दिसायचा, तो लख्ख, ठसठशीत, एका ओळीत सगळ्या नमुन्यांत चमकत होता. आईने पाठवलेल्या एकूण एक पाल्यात. मैत्रिणीने मला मिठी मारली, आम्ही त्या अंधाऱ्या खोलीतच गिरक्या घेतल्या आणि वडीचे फोटो काढायच्या कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडला अडखळलो. इतकं सुख मला दहावीच्या निकालालाही झालं नव्हतं. मग जरा धाप ओसरल्यावर तिने विषाणूच्या ओळीकडे बोट दाखवलं. ती कोरी होती. कोरी करकरीत.

गंमत अशी की मी चिडले नाही. चिडायला आता जागाच उरली नव्हती. आधी वाटायचं, एन्झाइम मेलं असेल, आरएनए गेला असेल, माझे हात वाईट असतील. आता सगळं नीट चालतंय हे डोळ्यांना दिसत होतं. आमची नळी पाल्यात असेल ते सगळं उचलत होती. मग विषाणू तेवढा का उचलला नाही? मी सरांना म्हटलं, “सर, मला रानात जाऊन यावं लागेल.” सर चष्म्याला हात घालत होते, तो त्यांनी तसाच राहू दिला.

येळवस तोंडावर आली होती. आमच्या लातूर भागात मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळी माणसं रानात जेवायला जातात. शहरं ओस पडतात आणि बांधाबांधावर पंगती बसतात. मी मैत्रिणीला बरोबर घेतलं. तिने येळवस नुसती ऐकली होती. पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढे, म्हणजे छोट्या खोपटापुढे, बसून तिने भज्जीचा पहिला घास घेतला, त्यात ओली तूर, ओले हरभरे, पावटे, मेथी, काय नाही ते एकत्र शिजलेलं. वर गार आंबील प्यायली. मग ती जेवण संपेपर्यंत एकाही भाषेत बोलली नाही. आईने तिच्या पानात आग्रहाने वाढलं आणि मला डोळ्याने खुणावलं, पोरगी चांगली हाय.

जेवणं झाल्यावर मी आईला म्हटलं, “चल, दाखव. तू पाला कुठल्या झाडांचा काढायचीस?”

आई पदर खोचून पुढे निघाली. रोगट झाडं वरच्या बांधाला होती, लांबूनच हिरवी रिकामी दिसत होती. आई तिकडे वळलीच नाही. ती सरळ खालच्या अंगाला, विहिरीजवळ गेली. तिथली तूर डोक्याच्या वर गेलेली, शेंगांनी लगडलेली. तिने मोठ्या मायेने एक फांदी वाकवली. “ह्या वळीतला बग. समद्या रानात असा पाला न्हाई.”

मी बघतच राहिले. “आई, मी तुला फुलं न आलेल्या झाडाचा सांगितला होता ना?”

“हाव, सांगितला हुतास की. मला काय कळत न्हाई व्हय?”

“मग?”

“मग काय? ते रोगट शेंडं तुझ्या सरापुढं ठिवायचं? काय म्हनतील ते, ह्यांच्या रानात हेच पिकतंय? आगं, आपल्या रानातनं दुसऱ्याच्या दारात जिन्नस जातो तो वानवळा असतो. वानवळ्याला काय बी पाठवत्यात का?”

आमच्याकडे रानातलं काही नवं निघालं की शेजारीपाजारी, सोयऱ्याधायऱ्यांकडे थोडं थोडं पाठवतात. तो वानवळा. त्यात किडकं, वाळकं कधी जात नाही. निवडून, टिपून, घरच्यांना ठेवलं नाही तरी चालेल पण वानवळा नंबर एक. आईने विद्यापीठाला वानवळा पाठवला होता. मी आठवडेच्या आठवडे नायट्रोजनमध्ये कुटत होते ती आमच्या रानातली सर्वांत तब्येतीची तूर.

“तिला म्या म्हनलं हुतं,” अप्पा बांधावरनं ओरडले, “पोरगी रोगट झाड मागू राहिली म्हून! तर म्हनली, तुमाला काय कळतंय.”

मैत्रीण आधी बांधावर बसली, मग हसून हसून आडवी झाली. मला पण आवरेना. आई आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिली आणि शेवटी स्वतःच पदर तोंडाला लावून हसायला लागली. “असं व्हय? मंग आधी सांगायचं की नीट, खराबच लागतंय म्हून!”

“आई, सांगितलं होतं!”

त्या संध्याकाळी वरच्या बांधाचे शेंडे मी स्वतः खुडले, चंदेरी कागदात गुंडाळले, आणि दुसऱ्या दिवशी बर्फाचा डबा मांडीवर घेऊन नांदेडला आले. आईने तरी गाठोड्यात विहिरीजवळच्या तुरीच्या ओल्या शेंगा बांधल्याच. सरांसाठी, तोंडी लावायला.

विषाणू पहिल्याच खेपेला दिसला. रँडम प्रायमर घातला, नळी निवांत बसू दिली, आणि वडीवर दोन्ही ओळी उजळल्या. तुरीचा जीनही आणि त्याच्याखाली विषाणूही, अगदी हव्या त्या मापाला. सर खोलीत आले, वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “फोकलेलं उगवलं की गं.” माझे डोळे भरून आले. अतिनील प्रकाशासाठी तोंडावर ढाल होती म्हणून कुणाला दिसलं नाही.

फेब्रुवारीत समिती बसली. बाहेरून आलेल्या बाई कडक होत्या. माझी पट्टी त्यांनी नीट पाहिली आणि शांतपणे विचारलं, “ही प्रत्येक तुरीत दिसत नाही कशावरून? त्याच रानातले, त्याच काळातले निरोगी नमुने कुठे आहेत?”

हा प्रश्न भल्याभल्यांना आडवा करतो. निरोगी झाडं आणायची राहूनच जातात, कारण सगळ्यांचं लक्ष रोगटाकडे. माझ्या चेहऱ्यावर हसू फुटलं, ते मला दाबता आलं नाही. मी पुढची स्लाइड लावली. आईने पाठवलेला सगळा पाला, खेपेमागून खेप, तुरीचा जीन प्रत्येकात लख्ख आणि विषाणूची ओळ धुतल्यासारखी स्वच्छ. बाईंनी चष्मा वर केला. “एवढे निरोगी नमुने? फार काटेकोर निवडलेत हो. कुणी निवडले?”

“आईनं,” मी म्हटलं. मागे बसलेल्या मैत्रिणीला ठसका लागला.

विषय राहिला. सही झाली, सरांनी पाठ थोपटली, आणि मी जिन्यातूनच घरी फोन लावला.

“आई, ऱ्हायला गं! तूरच ऱ्हायली!”

“ऱ्हायली? बरं झालं बाई! अवो, ऐकलं का, ऱ्हायली म्हनं!” मागून अप्पांचं काही तरी मोठ्याने बोलणं ऐकू आलं. मग आई म्हणाली, “ते इचारू राहिलेत, मंग ती झाडं आता काय करायची?”

“कुठली झाडं?”

“ती तुझी. वरल्या बांधाची. बाकी समदी तूर काढून झाली, मळून झाली. रान मोकळं झालंय. तेवढीच उभी ठिवलीत.”

माझं डोकं फिरलं. तूर काढल्यावर रोगट झाड एक दिवस ठेवायचं नसतं. त्याच्यावर विषाणू वाहणारी बारीक कोळी कीड राहते आणि पुढच्या सालच्या पिकाला तोच रोग देते. मी जिन्यात उभी राहून आवाज चढवला. “आई, अप्पांना एवढं कळत नाही? मी येळवशीला त्यांना बसून समजावलं होतं!”

“कळतंय की. शेजारचे बी बोलून राहिले. मी बी सांगितलं. ऐकत न्हाईत.” आईचा आवाज जरा खाली आला, अप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून. “म्हनले, इषयाचं काय व्हतंय ते कळूस्तर ऱ्हाऊ दे. झाडंच काढून टाकली तर पोरगी कशाच्या निमतानं यील?”

जिन्यात मुलं येत-जात होती. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. अप्पा आयुष्यभर रानात तणाची काडी सहन न करणारे. त्यांनी सगळ्या मोकळ्या रानात ती हिरवी, रिकामी झाडं माझ्यासाठी उभी ठेवली होती. आई तिकडून ‘हॅलो, हॅलो’ करत राहिली.

“त्यांना म्हणावं, आजच उपटा,” मी म्हटलं. “सगळी. मुळासकट. मी शनिवारी येते. कशाला म्हणून नाही, अशीच.”